मागणीची चिठ्ठी

तो इंग्रजी सातच्या पोटातून एक आडवी रेघ ओढायचा आणि एकच्या डोक्याला लांब शेंडी काढायचा. त्यामुळे दिवसभराच्या मागणीच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात त्याची चिठ्ठी नाव न वाचताही ओळखू यायची. नाव तसंही वाचता येण्यासारखं नसायचंच. एक आद्याक्षर आणि पुढे एक फराटा.

१९८५चा हिवाळा. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागाजवळ एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी सरकारी कागदपत्रांचा विभाग सांभाळत होते. विभाग तळघरात होता. खिडकी नाही, घड्याळ पाच मिनिटं पुढे, आणि भिंतीला लावलेली मायक्रोफिशची पोलादी कपाटं. मायक्रोफिश म्हणजे पोस्टकार्डाएवढी पारदर्शक फिल्म, आणि एकेका फिल्मवर अहवालाची ९८ पानं. यंत्राखाली धरली की पडद्यावर पान उमटायचं, बटण दाबलं की ओलसर, करड्या कागदावर छापून बाहेर यायचं. त्याला व्हिनेगरसारखा वास असायचा. माझ्या कार्डिगनला तो इतका बसला होता की घरी मुलगी म्हणायची, आई, तुला लोणच्याचा वास येतो.

अमेरिकेचं सरकार जे छापतं त्यातलं पुष्कळसं देशभरातल्या हजाराहून अधिक ‘डिपॉझिटरी’ ग्रंथालयांना फुकट मिळतं. मोबदल्यात मोठी अट अशी, की जो कुणी मागेल त्याला ते दाखवायचं. विद्यार्थी असो, बेकार असो, थंडीपासून बचाव म्हणून आत शिरलेला असो. तू कोण, कुठला, कशासाठी, हे विचारायचं नाही. मुंबईत ग्रंथालयशास्त्र शिकून आलेल्या मला हे फार भावलं होतं. तिकडे आमच्या एका ग्रंथालयात पुस्तकं कुलपात असायची आणि किल्ली ग्रंथपालांच्या धोतराच्या कनवटीला. इथे संरक्षण खात्यासाठी केलेल्या संशोधनाचे अहवालसुद्धा ड्रॉवर ओढला की हाती लागत. पहिल्याच पानावर लिहिलेलं असायचं, की हा सर्वांसाठी खुला आहे आणि वितरणावर काही मर्यादा नाही.

तो मागायचा ते हेच अहवाल. समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना लागणारा गंज. बेअरिंगमधली वंगणं. रंगाचे थर किती काळ टिकतात. रुक्ष. मी कधीकधी चाळायचे आणि जांभई द्यायचे. पन्नाशीचा असावा. कोट जुना पण इस्त्रीचा, बूट पुसलेले. फिशचा ड्रॉवर जड असायचा, तो मला ओढू द्यायचा नाही, स्वतः ओढायचा. छापील प्रतींचे सुटे पैसे रोज मोजायचा कंटाळा म्हणून त्याने एकदा पाच डॉलरची नोट माझ्याकडे ठेवली. मी एका पाकिटावर त्याचं आद्याक्षर लिहिलं आणि वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा हिशोब मांडायला लागले. आज १४ पानं. आज ६. बाकी इतकी. पैसे संपत आले की तो दुसरी नोट देई. आमचं बोलणं एवढंच.

मग एके दिवशी दोघे आले.

कुठल्या खात्याचे हे मी लिहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते नीट कळलंही नव्हतं. ओळखपत्राचं चामडी पाकीट उघडलं आणि मिटलं, त्यात मला एक फोटो आणि काहीतरी सोनेरी दिसलं एवढंच. दोघेही अतिशय सभ्य. तळघरातला उकाडा, माझी मुलं, भारतातलं गाव, सगळ्याची चौकशी झाली. मी नागरिकत्वाचा अर्ज केलाय का, हेही त्यातच विचारून झालं. अगदी सहज, पावसापाण्याबद्दल विचारावं तसं. आमचं तेव्हा ग्रीन कार्ड होतं आणि अर्ज भरायचा होता.

मग, परदेशी उच्चाराचं कुणी तांत्रिक अहवाल मागायला येतं का?

मी सांगितलं. यात कसलंही नाट्य नव्हतं. धमकी नाही, आमिष नाही. मोठ्या माणसांनी विचारलं, मी सांगितलं. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी उठून उत्तर देते तसं. एकाने वहीत टिपून घेतलं. जाताना दुसरा म्हणाला, पुढच्या वेळी तो आला की कशासाठी हवंय एवढं विचारून बघाल का? तुमच्या पद्धतीनेच. त्यात वावगं काहीच नाही.

वावगं खरंच नव्हतं, आणि घोळ इथेच होता. ग्रंथपालाला शिकवतात त्यातला मोठा भाग म्हणजे संदर्भमुलाखत. वाचक येतो आणि ‘जहाजांवर काही आहे का’ विचारतो. त्याला हवं असतं ते एका विशिष्ट बोटीच्या तळाला लावायच्या रंगाबद्दल. संकोचाने म्हणा, अज्ञानाने म्हणा, माणूस आपला खरा प्रश्न पहिल्यांदा विचारत नाही. आपण हळूहळू, त्याला न दुखावता, तो त्याच्याकडून काढून घ्यायचा. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं, आणि वेळ वाचतो तो इथे. आमचे मुंबईचे सर सांगायचे की चांगला ग्रंथपाल दुसऱ्या प्रश्नावर ओळखावा. पुढे हेरगिरीवरची पुस्तकं वाचताना लक्षात आलं की हेरांना शिकवतात ते जवळपास हेच. समोरच्याला कळू न देता त्याच्या तोंडून त्याची गरज वदवून घ्यायची. कसब तेच. फरक एवढाच, की उत्तर शेवटी कुणाच्या झोळीत पडतं.

घरी मी हे यांना सांगितलं. हे इंजिनिअर, सगळ्या गोष्टींचं वजन करून बोलणारे. म्हणाले, “अगं, विचार की. तुला रोज विचारावंच लागतं ना?” मग जरा थांबून, “आणि आपला अर्ज जायचाय.”

दोन आठवड्यांनी तो आला. चिठ्ठी दिली. मी फिश काढल्या, यंत्रापाशी ठेवल्या आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं. हे कुठल्या प्रकल्पासाठी आहे का? कळलं तर मी आणखी नेमकं शोधून देऊ शकेन.

वाक्य छान उतरलं. आवाज कापला नाही. उलट नेहमीपेक्षा गोड लागला, आणि तो गोडवा माझा मलाच ऐकू आला.

तो यंत्राचं चाक फिरवत होता, ते थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण एखाद्याच्या घरी वर्षभर जेवायला जावं आणि अचानक कुणीतरी पानाचे पैसे मागावेत, तसं काहीसं. म्हणाला, “याआधी तुम्ही कधी विचारलं नव्हतंत.”

एवढंच. उरलेली पानं छापली, ड्रॉवर स्वतः बंद केला, नेहमीसारखी मान लववली आणि गेला. पुन्हा कधीही आला नाही. ते दोघे मात्र एकदा आले. ‘आता येत नाही’ म्हटल्यावर एकमेकांकडे बघून निघून गेले. माझ्या हातून चूक झाली की काम झालं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये सात नंबरच्या गाडीत उभ्याने वर्तमानपत्र वाचताना माझ्या पोटात गोळा आला. २३ ऑगस्ट १९८६ला क्वीन्समधल्याच एका सबवे स्टेशनच्या फलाटावर गेन्नादी झाखारोव नावाच्या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञाला एफबीआयने पकडलं होतं. तो वकिलातीत नव्हता, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला होता, म्हणून राजनैतिक संरक्षणाची ढाल त्याला नव्हती. त्याने एक हजार डॉलर देऊन विमानाच्या जेट इंजिनाबद्दलची गुप्त कागदपत्रं घेतली. देणारा होता मूळचा गयानाचा, क्वीन्स कॉलेजात शिकलेला एक तरुण. झाखारोवने त्याला १९८३ साली हेरलं होतं आणि सुरुवातीला त्याला काय काम दिलं होतं? ग्रंथालयांतून तांत्रिक लेखांच्या झेरॉक्स आणि मायक्रोफिश आणून देण्याचं.

मी फोटो तीनदा पाहिला. फोटोतला माणूस तो नव्हता.

पोरगा पहिल्यापासून एफबीआयच्या बाजूने होता. तीन वर्षं. मला झाखारोवपेक्षा त्याचंच कुतूहल जास्त वाटलं, आजही वाटतं. पुढचं सगळं जगाच्या इतिहासात गेलं. अटकेला आठवडा होतो न होतो तोच मॉस्कोत निकोलस डॅनिलॉफ या अमेरिकी पत्रकाराला पकडण्यात आलं, दोन्ही महासत्ता महिनाभर एकमेकींवर गुरगुरल्या, सप्टेंबरअखेर दोघेही सुटले आणि ऑक्टोबरात रीगन आणि गोर्बाचेव्ह रेक्याविकला भेटले. पण त्या मुलाचे तीन वर्षांतले मंगळवार कसे गेले असतील? वर्ग, पार्टटाइम नोकरी, खोलीचं भाडं, आणि मधूनच एका मितभाषी रशियनाला भेटायला जायचं. भेटीआधी एका माणसाला सांगायचं, भेटीनंतर त्याच माणसाला आठवून आठवून सांगायचं. काय बोलला, काय बोलला नाही, कुठे अडखळला. दुहेरी हेराचं काम हे असं मुनीमजीचं असतं. आपल्याकडे हेर म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतो, वेशांतरं, मध्यरात्रीची दौड. यात वेशांतर नाही. उलट विद्यार्थ्याने विद्यार्थ्यासारखंच उशिरा यायचं, पैशांसाठी कुरकुर करायची, परीक्षा आली की भेट पुढे ढकलायची. फार तत्पर दिसला की संपलं. स्वतःचंच सोंग घ्यायचं, आणि ते मला राजाच्या सोंगापेक्षा अवघड वाटतं. कदाचित तो आमच्याही तळघरात येऊन गेला असेल. मी त्याला फिश काढून दिल्या असतील.

त्याला निवडला तो परदेशी विद्यार्थी म्हणून. परक्या देशात, बहुधा पैशाची चणचण असलेला. रशियनाने हे हेरलं असावं. पण नेमकी हीच कारणं त्याला एफबीआयच्या दारातही नेऊन उभी करतात. परदेशातून आलेल्या माणसाला आपण इथले आहोत हे एकदा सिद्ध करायचं असतंच, आणि अशी संधी कुणी चांदीच्या ताटात आणून ठेवली तर नको म्हणायला फार मोठी छाती लागते. माझ्याकडे ती नव्हती. मला कुणी हेर व्हायला सांगितलं नव्हतं. एक वाक्य बोलायला सांगितलं होतं.

मग आलं १९८७. त्या जूनमध्ये एफबीआयचे दोघे कोलंबिया विद्यापीठाच्या गणित-विज्ञान ग्रंथालयात गेले आणि काउंटरवरच्या एका कर्मचाऱ्याला परदेशी वाचकांबद्दल विचारू लागले. तिथल्या पॉला कॉफमन या वरिष्ठ ग्रंथपालांनी नाही म्हटलं, आणि गप्पही बसल्या नाहीत. सप्टेंबरात न्यू यॉर्क टाइम्सने बातमी छापली तेव्हा कळलं की याला रीतसर नाव आहे, लायब्ररी अवेअरनेस प्रोग्रॅम, आणि तो बरीच वर्षं चालू आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन खवळली. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. एफबीआयने आपली बाजू मांडणारा अहवालच काढला, सोव्हिएत हेर तांत्रिक ग्रंथालयं कशी पिंजून काढतात यावर. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. झाखारोवचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

आमच्या ग्रंथालयात बैठक झाली. विभागप्रमुख बाईंनी न्यू यॉर्क राज्याचा १९८२चा कायदा वाचून दाखवला. कुणी काय वाचलं याची नोंद गोपनीय, न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय बाहेर द्यायची नाही. मग विचारलं, इथे कुणाला असा अनुभव आलाय का? मी टेबलावरच्या नक्षीकडे पाहत बसले. हात वर केला नाही. हे लिहिताना आज पहिल्यांदा करते आहे.

त्या कायद्याने मला एक गोष्ट मात्र समजावली. तोवर मी समजत होते की माझं गुपित म्हणजे ड्रॉवरमधले कागद. ते तर गुपित नव्हतेच, पहिल्याच पानावर तसं छापलेलं होतं. गुपित होती ती मागणीची चिठ्ठी. गंजावरचा अहवाल कुणीही वाचावा. पण गंजावरचा अहवाल अमक्याला, अमक्या आठवड्यात हवा आहे, ही गोष्ट जगात फक्त दोन ठिकाणी होती. त्याच्या डोक्यात आणि माझ्या गठ्ठ्यात. माणूस काय विचारतो यावरून त्याला काय ठाऊक नाही ते कळतं. देशाचंही तसंच.

हेरखात्यांना हे आमच्या आधीपासून ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात दुश्को पोपोव हा सर्बियन व्यापारी जर्मनांसाठी काम करतो असं दाखवून ब्रिटिशांसाठी काम करत होता. ऑगस्ट १९४१मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा जर्मनांनी त्याला प्रश्नांची यादी दिली होती, मायक्रोडॉटमध्ये, म्हणजे टिंबाएवढ्या फिल्मवर. त्यातला बराच भाग हवाई बेटांबद्दल आणि पर्ल हार्बरबद्दल होता. दारूगोळ्याची कोठारं, विमानतळ, धक्के. यादी एफबीआयच्या हाती गेली. डिसेंबरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या यादीचं वजन ओळखायला कोण चुकलं यावर इतिहासकार अजून भांडतात आणि मी त्यात पडत नाही. पण मॅस्टरमन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने ब्रिटिशांच्या दुहेरी हेरांवर लिहिलेलं पुस्तक १९७२मध्ये निघालं, त्यात ती यादी छापली आहे. मी ती वाचली तेव्हा मला ती मागणीच्या चिठ्ठीसारखीच दिसली. अमुक ठिकाणचा नकाशा. अमुक गोष्टीची संख्या. वाचकाचं नाव मात्र नीट लागत नाही.

निवृत्त झाल्यावर २०१५ साली एक पुस्तक हाती आलं आणि मी ते दोन दिवसांत संपवलं. नवीद जमालीचं. वडील पाकिस्तानातून आलेले, आई फ्रेंच. न्यू यॉर्कच्या उत्तरेला उपनगरात त्यांचा छोटा व्यवसाय होता, सरकारी आणि तांत्रिक प्रकाशनं शोधून गिऱ्हाइकाला पुरवण्याचा. म्हणजे माझंच काम, फक्त पैसे घेऊन. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे एक सोव्हिएत गिऱ्हाईक आलं, यादी देऊन गेलं आणि त्यामागोमाग एफबीआयची माणसं आली. काय मागितलं त्याने? आईवडिलांनी दाखवलं. मग गिऱ्हाइकं बदलत गेली, एक रशियन गेला की दुसरा आला, सोव्हिएत संघ बुडाला तरी गिऱ्हाईक तुटलं नाही, आणि प्रत्येक खेपेनंतर यादीची प्रत इकडे पोचत राहिली. वीसेक वर्षं! मला हसू आलं आणि मग आलं नाही. मी एका वाक्याने इतकी वर्षं खंतावले, आणि ही माणसं वीस वर्षं दुकान चालवून, मुलगा वाढवून, हेही करत होती.

मुलाने पुढचं पाऊल टाकलं. त्याला नौदलाच्या राखीव दलात गुप्तवार्ता अधिकारी व्हायचं होतं आणि जमत नव्हतं. तेव्हा दुकानात येणाऱ्या रशियनाशी, ओलेग कुलिकोव नाव, संयुक्त राष्ट्रसंघातल्या रशियाच्या कायम प्रतिनिधी मंडळातला लष्करी हेरखात्याचा माणूस, त्याच्याशी आपणच सूत जमवायचं त्याने एफबीआयला सुचवलं. सुमारे तीन वर्षं हे चाललं. भेटी कुठे, तर साखळी रेस्टॉरंटांत, जिथे मेनू प्लास्टिकचा असतो आणि टेबलं किंचित चिकट. पेन ड्राइव्हवर माल जायचा, आधी तपासून दिलेला. जमाली पैशांवरून घासाघीस करायचा, तोऱ्यात वागायचा, कारण हावरट माणूस खरा वाटतो. देशासाठी करतोय म्हणणारा संशयास्पद. शेवट एका नाटकाने झाला. आपला माणूस पकडला गेला असं कुलिकोवला वाटावं म्हणून जमालीची खोटी अटक घडवण्यात आली. पुढे नौदलाने त्याला घेतलं.

पुस्तकात विनोद खूप आहे. जमाली तेव्हा तरुण होता, मोटारींचा शौकीन, सिनेमे पाहून हेरगिरी शिकलो असं स्वतःच सांगतो. ते सगळं मला आवडलं. पण माझं लक्ष राहून राहून जात होतं ते आईवडिलांकडे. गिऱ्हाईक दारात आल्यावर ती बाई ‘या, बसा’ म्हणत असेल तेव्हा तिचा आवाज तिला ऐकू येत असेल का? की दोन-तीन वर्षांत ते अंगवळणी पडतं? दळण टाकायला आलेल्या बाईशी गिरणीवाला बोलतो तसं?

आणि कधीकधी सगळंच उलटं फिरतं. हुमाम अल-बलावी हा जॉर्डनमधला डॉक्टर. अटक झाल्यावर तो अल-कायदात शिरून माहिती द्यायला तयार झाला असं जॉर्डनचं हेरखातं आणि सीआयए समजून बसले. ३० डिसेंबर २००९ला अफगाणिस्तानात खोस्तच्या तळावर त्याला बोलावलं. मोठा मासा सापडला म्हणून सगळे स्वागताला जमले, आणि पाहुण्याचा विश्वास दुखावू नये म्हणून फाटकावर त्याची झडती घेतली नाही. त्याने अंगावरच्या स्फोटकांचा स्फोट घडवला. सीआयएची सात माणसं गेली, शिवाय त्याला सांभाळणारा जॉर्डनचा अधिकारी. खोट्या सौजन्यावर वर्षानुवर्षं पोट भरणारी माणसं एका खऱ्या सौजन्याने मेली.

२००१च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर आमच्या क्षेत्राने कानाला लावलेला खडा कामी आला. पेट्रियट ॲक्ट या नव्या दहशतवादविरोधी कायद्याच्या २१५व्या कलमाखाली ग्रंथालयाच्या नोंदी मागता येतील आणि मागितल्या हे सांगताही येणार नाही, असं झालं. काही ग्रंथालयांनी काउंटरवर पाट्या लावल्या. आमच्याकडे ठरलं की नोंदच ठेवायची नाही. पुस्तक परत आलं की संगणकातून वाचकाचं नाव पुसायचं, संध्याकाळी चिठ्ठ्या फाडायच्या. कनेक्टिकटमधले चार ग्रंथपाल तर २००५मध्ये थेट न्यायालयात गेले आणि त्यांना तोंड उघडायची परवानगी पुढच्या वर्षी मिळाली. त्यांच्याबद्दल वाचताना मला अभिमान वाटला आणि थोडा हेवाही.

चिठ्ठ्या फाडायचं काम मी आवडीने करायचे. दुसऱ्यांना सांगितलं तर घाईत करतात, अर्धी चिठ्ठी शाबूत राहते. मी दोनदा उभी, दोनदा आडवी फाडायचे. मदतीला येणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटायचं, बाईंना वेड आहे. त्यांना मी संदर्भमुलाखतही शिकवायचे. दुसरा प्रश्न कसा विचारावा, कुठे थांबावं. एकदा एका मुलीने विचारलं, वाचकाने कशासाठी ते सांगितलंच नाही तर? मी म्हटलं, तर जेवढं मागितलंय तेवढं शोधून द्यायचं. तिने वहीत लिहून घेतलं.

निवृत्तीच्या आठवड्यात टेबलाचे खण रिकामे केले. पेन्सिली, सेफ्टी पिना, वाळलेल्या लिंबाच्या लोणच्याची एक बाटली, मुंबईच्या सरांचं एक पत्र. तळाशी ते पाकीट होतं. वर त्याचं आद्याक्षर, खाली माझ्याच अक्षरात हिशोबाचे रकाने. शेवटच्या दिवशीची ९ पानं वजा केलेली. आत एक डॉलरची नोट आणि चाळीस सेंटची नाणी.

नव्या बाईंना विभाग सोपवताना मी तेही दिलं. त्यांनी विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, एका वाचकाची अनामत आहे. आला तर द्या.

“आणि ओळखायचं कसं?”

“चिठ्ठी लिहील ना,” मी म्हटलं, “सातला आडवी रेघ असेल.”